व्हाइट सिमेंट फासलं म्हणजे ग्राउट भरलं असं होत नाही

बाथरूमच्या टाइल्सवरून व्हाइट सिमेंटचा हात फिरवून जाणाऱ्या माणसाला मजुरी देऊ नका. नातेवाइकांत मी हे बोलते आणि वाईट होते, पण खरं तेच आहे. फटीतलं जुनं, भुसभुशीत, काळं पडलेलं ग्राउट (टाइल्सच्या मधल्या फटी भरायचा सिमेंटचा मसाला) तसंच ठेवून वर नवा थर दिला की चार दिवस भिंत छान दिसते. मग त्याचे पापुद्रे सुटतात आणि जाळीत येऊन बसतात. त्यापेक्षा स्वतः करा. मी काही बांधकामातली नाही, तरी आमच्या घरच्या भिंती मीच केल्या आहेत.

मिस्त्रीचाही यात फार दोष नाही. रोजावर प्लास्टरचं काम चालू असताना तुमच्या एका भिंतीसाठी तो कशाला येईल? ‘उद्या येतो ताई’ म्हणतो आणि तो उद्या पोळ्यापासून दिवाळीपर्यंत लांबतो. आमच्याकडे प्लास्टरला आलेल्या एका काकांनी माझ्या हातातली पट्टी बघून ‘हाई काम तुमनं नही’ असंही सांगितलं. का नाही, ते मात्र सांगितलं नाही.

आता मुख्य मुद्दा. आपल्या खान्देशात ग्राउट लवकर जातं, त्याचा दोष सगळे टाइल्सवाल्याला देतात. खरा दोष पाण्याचा आणि त्याहून जास्त ॲसिडच्या बाटलीचा. बोअरच्या जड पाण्याने नळावर, टाइल्सवर पांढरा थर बसतो. रावेर-यावलकडे केळीच्या ठिबकच्या नळ्यांतही हाच क्षार बसतो, म्हणून शेतकरी नळ्यांना ॲसिड ट्रीटमेंट देतात. तिथे ते ठीक आहे, नळी प्लास्टिकची असते. आपण तेच डोकं बाथरूममध्ये चालवतो. तो पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. ॲसिड टाकल्यावर फेस येतो, थर विरघळतो, आपण खूश. पण फटीतलं ग्राउटही सिमेंटचंच, म्हणजे कॅल्शियमचंच घर. ॲसिडला दोन्ही सारखेच. दर आठवड्याला थोडं थोडं ग्राउट धुऊन जातं आणि वर्ष-दोन वर्षांत टाइल्सच्या मधे खोबणी दिसायला लागते. लिंबूफूल किंवा व्हिनेगर सौम्य असलं तरी तेही आम्लच, लावून ठेवायचं नाही, लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. खरा उपाय फार कंटाळवाणा आहे: आंघोळ झाली की भिंतीवरून वायपर फिरवायचा. आणि एक, ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र टाकू नका. क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं.

काम सुरू करण्याआधी टाइल्सवर बोटाच्या पेराने टकटक करून बघा. जिथे पोकळ आवाज येतो ती टाइल मागून सुटलेली आहे. तिच्या भोवती ग्राउट भरण्यात अर्थ नाही, ती काढून परत चिकटवावी लागेल. दुसरं, जुन्या घरांत टाइलला टाइल भिडवून लावलेली असते, मधे केसाएवढी फट. तिथे खरवडायला गेलात तर टाइलच्या कडेचं ग्लेझ, म्हणजे वरचा चकचकीत थर, उडतं. अशा भिंतीला हात न लावलेला बरा. दोन-तीन मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे फट सारखी ठेवणारे प्लास्टिकचे तुकडे, घालून लावलेल्या टाइल्स असतील तरच पुढे वाचा.

खरं काम खरवडण्याचं. भरणं त्या मानाने खेळ आहे. हार्डवेअरच्या दुकानात ग्राउट काढायची छोटी करवत मिळते. नाही मिळाली तर हॅक्सॉ ब्लेडचा अर्धा तुकडा, एका टोकाला जाड कापड गुंडाळून. जुनं ग्राउट निदान दोन-तीन मिलिमीटर खोल निघालं पाहिजे, नाहीतर नव्याला धरायला जागाच नसते. उभ्या फटी त्रास देतात, आडव्या पटापट होतात. मशीन घेऊ नका, नवशिक्याच्या हातातून ते टाइलवर घसरतं. चष्मा आणि मास्क लावा, ती धूळ छातीला वाईट. आणि खाली नहाणी ट्रॅपच्या (फरशीतलं पाणी जायचं भोक) तोंडात फडक्याचा बोळा घाला. आत गेलेलं सिमेंट पाइपात घट्ट बसलं की पुढचा खर्च प्लंबरचा.

मग फटी ब्रशने झाडून ओलसर करा. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलचं अंग १० टक्क्यांहून जास्त पाणी पितं, वर आपला उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे धावत असताना कोरड्या फटीत भरलेलं ग्राउट पाणी गमावून बसतं, पक्कं होत नाही, बोट घासलं की भुकटी निघते. हे काम थंडीत करा. उन्हाळ्यातच करायचं असेल तर सकाळी लवकर.

ग्राउटचा पुडा एकदम कालवू नका, एका वेळी मूठ-दोन मूठ. डुबुक वड्यांचं पीठ भिजवतो तितकं घट्ट हवं, चमच्यातून पडेल पण ओघळणार नाही. पाच-दहा मिनिटं ठेवून परत हलवायचं. नंतर घट्ट झालं म्हणून वर पाणी ओतायचं नाही, रंगाचे पट्टे पडतात आणि ताकदही जाते. रबरी फ्लोटने, म्हणजे रबर लावलेल्या सपाट थापीने, फटीला तिरकं, दाबून भरायचं. फ्लोट नसेल तर जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा चालतो, कित्येक मिस्त्री तोच वापरतात. वीस-पंचवीस मिनिटांनी स्पंज घट्ट पिळून टाइल पुसायची. स्पंज ओला राहिला तर भरलेलं सगळं पुसून बाहेर येतं. राहिलेला धुरकट थर दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने निघतो. चोवीस तास आंघोळ दुसरीकडे, मधूनमधून फटींवर पाण्याचा फवारा.

कोपऱ्यांत मात्र ग्राउट नको. दोन भिंतींचा कोपरा आणि भिंत-फरशीचा सांधा इथे सिलिकॉन सीलंट भरा, बुरशीरोधक लिहिलेलं. काळ्या मातीवरची आपली घरं उन्हाळ्यात माती आकसली की आणि पावसाळ्यात फुगली की हलतात. ते हलणं कोपऱ्यात दिसतं. तिथलं सिमेंट तडकणारच, सिलिकॉन ताणलं जातं. घरोघरी हाच भाग चुकीचा केलेला दिसतो.

इपॉक्सी ग्राउटबद्दल विचाराल तर चांगलं आहे, पाणी पीत नाही, ॲसिडलाही बऱ्यापैकी तोंड देतं. पण कित्येक पट महाग, आणि कालवल्यावर उन्हात फार लवकर घट्ट होतं. टाइलवर सुकलं की निघता निघत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने सिमेंटचंच घ्यावं, तेही दाराआडच्या भिंतीपासून.

बाथरूमच्या पलीकडच्या खोलीत पोपडे आले म्हणून हे करणार असाल तर आधी ते बाथरूम आठवडाभर बंद ठेवा, पाइपात पाणी मात्र भरलेलं असू द्या. ओल सुकायला लागली तर पाणी वापरताना झिरपतंय, फटी किंवा नहाणी ट्रॅप बघा. सुकली नाही तर बहुतेक पाइप गळतोय. सिमेंटचं ग्राउट मुळात वॉटरप्रूफिंग नाहीच, ते काम टाइलच्या मागच्या थराचं.

जळगावात असाल तर रबरी फ्लोट माझ्याकडून न्या. परत देताना धुऊन द्या, एवढंच.