ताई, सोडा आता

मी लोकांची लग्नं पार पाडते. जुळवत नाही, ते पाप माझ्या माथी नाही. जुळलेलं लग्न हॉल, जेवण, फुलं, फोटोग्राफर आणि रुसलेले काका यांच्यासकट संध्याकाळपर्यंत सुखरूप घरी पोचवायचं, एवढंच काम. पुण्यात याला आता इव्हेंट मॅनेजमेंट म्हणतात. पूर्वी हेच काम घरातल्या थोरल्या वन्सं करत आणि पैसे घेत नसत. नुसतं वर्षभर ऐकवत.

मला एक खोड आहे. दुसऱ्याला दिलेलं काम मला दुसऱ्याकडे बघवत नाही. फुलवाल्याला पैसे मोजायचे आणि पहाटे 4 वाजता मार्केट यार्डात झेंडू देठाशी दाबून बघायला मीच. तो बिचारा मागे पिशवी धरून. एकदा म्हणाला, "मॅडम, मग मी काय करू?" म्हटलं, "तू गाडी चालव." गाडीत बसल्यावर कुठून वळायचं तेही मीच सांगितलं. पंगतीत वाढपी मीठ वाढून पुढे सरकला की मी मागून वाकून लिंबाची फोड बोटभर डावीकडे सारते. आमचे आचारी एवढंच म्हणाले होते, "ताई, 30 वर्षं पानं वाढतोय. लिंबू कुठं पळून जात नाही."

तर हे मे महिन्यातलं लग्न. मुहूर्त 12 वाजून 37 मिनिटांचा. माझ्या एक्सेलमध्ये 212 ओळी, प्रत्येकीला वेळ, माणूस आणि रंग. ओळ 147: मंगलाष्टकं, 8 मिनिटं. हिशोब सरळ होता. अष्टक म्हणजे आठ, एकेकाला एक मिनिट.

12 वाजून 20 मिनिटांनी कळलं की दुसरे गुरुजी आधीच्या लग्नात अडकलेत. लग्नसराईत चालायचंच. पण अंतरपाटाला दोन टोकं असतात. मुलीचे मामा तिला गौरीहरापासून आणायला गेलेले. गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं, त्यांच्या आवाक्यात मीच होते. "ताई, धरा जरा," म्हणाले आणि कुंकवाचं स्वस्तिक काढलेल्या त्या कापडाच्या एका टोकाचे दोन कोपरे माझ्या दोन हातांत दिले. पलीकडे मुलाचे एक काका.

आयुष्यात प्रथमच मांडवाच्या मधोमध माझे दोन्ही हात अडकले. फोन कमरेला, वॉकीटॉकी कमरेला, कानात फक्त इअरफोन. ऐकू सगळं येतंय, बोलायला बटण दाबता येत नाही.

पहिली चार मंगलाष्टकं गुरुजींनी म्हटली. मग मुलाच्या आत्या उठल्या. त्यांच्या हातात वही होती. कागद नव्हे, वही. मंगलाष्टकांचं वृत्त शार्दूलविक्रीडित, त्यात ओळीला 19 अक्षरं असतात आणि बाराव्यानंतर श्वास घ्यायचा असतो. आत्यांनी दोन्ही कुळांतली सगळी नावं कोंबल्यामुळे अक्षरं पंचविसाच्या घरात गेली होती आणि श्वास मिळेल तिथे घ्यावा लागत होता. मागे मुलीच्या मावशी आपली वही घेऊन घसा खाकरत उभ्या. दर "सावधान"ला मागच्या रांगांतून नवरानवरीवर नेम धरलेल्या अक्षता माझ्या डोक्यात.

कानात पोरांचं सुरू झालं.

"मॅडम, पहिल्या पंगतीला 40 पानं जास्त लागतायत."

"मॅडम, एसीचं पाणी रुखवतावर गळतंय. साखरेच्या तुळशीवृंदावनावरच."

"मॅडम?"

"अरे, त्या अंतरपाट धरून उभ्या आहेत."

"मग?"

"मग काय, आपणच बघू."

ते "आपणच बघू" ऐकून माझ्या पोटात गोळा आला. नाकाला खाज सुटली होती, तीही खाजवता येईना. पूर्वी मुहूर्तासाठी पाण्यात घटिकापात्र सोडत. तळाला भोक असलेली तांब्याची वाटी, ती 24 मिनिटांत भरून बुडायची. तिला "लवकर बूड" म्हणून कुणी फोन करत नसे. माझी वाटी मात्र पाचव्या मंगलाष्टकालाच बुडाली.

हाताशी एकच गोष्ट उरली होती, कापडाची कड. ती तरी सरळ हवी! नवरदेव सहा फुटी, नवरी पाच फुटी, काकांचा हात थरथरतोय, कड त्यांच्या बाजूला उतरतेय. मी माझी बाजू खाली घेतली. काकांनी घाबरून वर घेतली. मी वर नेली. नवरा गाल आत ओढून हसू दाबत होता.

अखेर "तदेव लग्नं" सुरू झालं आणि मुहूर्त टळलेला नाही, हे माझ्या लक्षात आलं. आत्या आणि मावशी हिशोबात धरूनच गुरुजींनी लवकर सुरुवात केली होती. ही माहिती एक्सेलमध्ये नव्हती. वाजंत्री वाजली, गुरुजींनी अंतरपाट उत्तरेकडे ओढला. आणि माझ्या टोकापाशी तो अडला. कापड तिरकं होतंय एवढंच मला दिसलं, म्हणून मी परत ओढलं. गुरुजींनी ओढलं. मी घट्ट धरलं. हार घेऊन नवरानवरी थांबलेली.

गुरुजींसमोर माईक होता.

"ताई, सोडा आता."

350 माणसं हसली. काका सगळ्यात जोरात.

खाली धावले तेव्हा जादा 40 जण गच्चीच्या सावलीत वारा खात जेवत होते. रुखवतावर आमच्या पोरीने वरातीची जरीची छत्री उघडून ठेवली होती आणि बायका तिच्याखाली उभं राहून फोटो काढत होत्या. "कल्पना तुमचीच असणार," मुलीची आई म्हणाली. मी दोन सेकंद गप्प राहिले, मग पोरीकडे बोट दाखवलं. ते बोट उचलायला अंतरपाटापेक्षा जास्त ताकद लागली.

आता ऑफिसात सगळ्यांच्या फोनची रिंगटोन एकच आहे, गुरुजींच्या आवाजात. मार्केट यार्डात हल्ली फुलवाला एकटा जातो, मी पाच वाजता फक्त फोटो मागवते. देठाच्या बाजूने काढलेला.

आणि एक्सेलमध्ये ओळ 213 आली आहे: अंतरपाट, राखीव माणसं 2. पुढे लाल रंगात, पोरांनी टाकलेलं, "मॅडम सोडून".