विसर्ग किती ते सांगा, ताफा गेला खड्ड्यात!

परवा रात्री साडेआठला ताईचा फोन. "अरे, खडकवासल्यातून पाणी वाढवलंय म्हणतात. जरा टीव्हीवर बघ ना किती ते, आमची केबल गेलीये आणि नेटही." ताई पुण्यात, मुठेकाठच्या एकतानगरीत राहते. खाली पार्किंगमध्ये भावजींची नवी स्कूटर. २५ जुलै २०२४च्या पहाटे जुन्या स्कूटरचं काय झालं ते परत उगाळत नाही. विसर्ग, म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी, ३५ हजार क्यूसेकच्या घरात गेला आणि लोक डोळे चोळत उठेपर्यंत खाली पाणी. सांगायचा मुद्दा, मला एक आकडा हवा होता. एक. क्यूसेकमध्ये.

टीव्ही लावला. ताफा!

कुठला तरी नेता कुठल्या तरी बंगल्यातून निघालेला आणि त्याच्या शेपटाला वार्ताहराची गाडी. "आपण या ठिकाणी पाहू शकता, गाडी या ठिकाणी सिग्नलला या ठिकाणी थांबलेली आहे." अहो दिसतंय! आणि 'या ठिकाणी' म्हणायचे वेगळे पैसे मिळतात का? गाडीच्या काचा काळ्या. आत नेता बसलाय की ड्रायव्हर एकटाच डबा खातोय, देव जाणे. तरी वर लालभडक 'सर्वात मोठी बातमी'. तासाभरापूर्वीची सर्वात मोठी बातमी होती की ताफा निघण्याची शक्यता आहे.

आता माझी सगळी भिस्त खालच्या सरकत्या पट्टीवर. सोन्याचा भाव गेला. कुणीतरी कुणालातरी लगावलेला टोला गेला. कांदा गेला. आणि मग, मी खुर्चीच्या कडेवर, "पुणे : खडकवासला धरणातून मुठा नदीपात्रात रात्री ८ वाजल्यापासून..." धप्प! अख्खं चित्र आक्रसून कोपऱ्यात आणि पट्टीवर जाहिरात. एनए प्लॉट, स्वतंत्र सातबारा, आजच बुक करा. जाहिरात हटली तेव्हा पट्टीवर कोल्हापूरचं तापमान.

पुन्हा सोनं, टोला, कांदा. घड्याळ लावून सांगतो, अकरा मिनिटं. "खडकवासला धरणातून मुठा नदीपात्रात..." आणि ब्रेक. "कुठेही जाऊ नका." कुठे जाऊ, बाबा? तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती नकोत असा नियम आहे म्हणे. त्या नियमाचीही अशीच पट्टी सरकत असणार.

तिसऱ्या फेरीला मी पडद्याच्या हातभर अंतरावर, चष्मा पुसून उभा. "...रात्री ८ वाजल्यापासून विसर्ग वाढवून..." आणि पट्टीवर येऊन आदळलं : 'ताफा वळला!!' दोन उद्गारचिन्हं. रिमोट फेकणार होतो, पण मागच्या वर्षी फेकला होता तो अजून रबरबँड लावून वापरतोय.

आणि आकडा सांगितला असता तरी कसा? 'अमुक हजार क्यूसेक प्रतिसेकंद.' क्यूसेक म्हणजेच सेकंदाला एक घनफूट! शाळेत काय करत होतात? दुसऱ्या एका वाहिनीवर निवेदिका ग्राफिक्सच्या पुरात कंबरेपर्यंत बुडून "थेट जाऊयात" म्हणत होती. जाऊया! 'त' कुठून आणता? त्या पुरात होड्या होत्या, विजा होत्या, नव्हता तो आकडा. मग दरवर्षीप्रमाणे भिडे पूल. भिडे पूल पाण्याखाली जाणं ही बातमी नाही हो, तो पावसाळा आहे. खडकवासला जेमतेम दोन टीएमसीचं, म्हणजे दोन अब्ज घनफुटांचं, वरची पानशेत-वरसगाव धरणं भरत आली की पाणी सोडावंच लागतं, हे पुण्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. प्रश्न एवढाच असतो : किती आणि किती वाजता!

आमच्याकडे बाबा दूरदर्शनवर प्रदीप भिडेंच्या बातम्या ऐकायचे. ऐकायचे, बघायचे नाहीत. डोळे मिटून. बातम्या संपल्या की टीव्हीची सरकती लाकडी दारं लोटून बंद, कडी. आता दारं नाहीत आणि बातम्या संपत नाहीत.

सव्वादहाला ताईचा फोन. "अगं बाई, तुला सांगायचंच राहिलं. नऊलाच वॉचमन ओरडत आला, स्कूटर वर चढावर लावून आलो. जेवणं झाली, भांडी झाली. तू काय करतोयस?"

"टीव्ही बघतोय."

"मग किती आहे विसर्ग?"

"ते माहीत नाही. पण ताफ्यात सात गाड्या आहेत आणि तिसरीचा मागचा डावा दिवा बंद आहे."

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जेवलास का?"

नव्हतो जेवलो. चहाचं आधणही आटून भांडं काळं झालेलं. रात्री झोप येईना म्हणून हिशोब केला : रोज दीड तास धरला, तर वर्षाचे ५४७ तास. जवळजवळ २३ दिवस, दिवसरात्र, मी काळ्या काचांच्या गाड्या बघतो. निवृत्त झाल्यावर शिकायची म्हणून पेटी घेतली होती. भूप अर्धा झालाय. तीन वर्षं अर्धाच आहे. पेटीचा उपयोग होतो, नाही असं नाही. तिच्यावर रिमोट ठेवतो.

काल संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, आज तरी पेटी काढा."

काढतो म्हटलं, एवढं बघून घेतो. ती तिसरी गाडी मागच्या गेटने का गेली, ते मेल्यांनी परवा सांगितलंच नाही.