पंढरपूरची चंद्रभागा ही वेगळी नदी नाही

'चंद्रभागा ही स्वतंत्र नदी असून पंढरपुरात ती भीमेला मिळते,' असा मजकूर वारीच्या दिवसांत व्हॉट्सअॅपवर फिरतो. तो चुकीचा आहे. पंढरपुरात असा संगमच नाही. भीमाशंकरला उगम पावलेली भीमाच इथे चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. उजनी धरणातून भीमेत सोडलेलं पाणीच वारकऱ्यांच्या स्नानाला पोचतं, यातच सगळं आलं. खरा संगम वरच्या अंगाला, नीरा नरसिंहपूरला आहे. तिथे नीरा भीमेला मिळते.

वळणाचं म्हणाल तर सपाट प्रदेशात नदी सरळ राहत नाही. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाण्याचा वेग जास्त, म्हणून तो काठ खचत जातो. आतल्या बाजूला वेग मंदावतो आणि वाळू साचते. असं होत होत वळण आणखी वाकतं.

गोंधळाला एक कारण असावं. चंद्रा आणि भागा अशा दोन नद्या खरंच आहेत, पण हिमाचलात. तांदी इथे त्या एकत्र येतात आणि पुढे चिनाब होतात. तिलाही चंद्रभागा म्हणतात. आपली भीमा मात्र पुढे कृष्णेला मिळते.