पासपोर्ट बघून पगार

आखातात राष्ट्रीयत्व बघून पगार देतात, हे तिकडे राहून आलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. वाद होतो तो कारणांवरून. परवा आमच्या चिपळूणच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "फिलिपिनो इंग्रजी बोलतात, गोरे शिस्तीत काम करतात, आपल्या पोरांना ते जमत नाही, म्हणून पगार कमी." अंगठेही भरपूर पडले.

दोहातल्या एका बांधकाम कंपनीत मी काही वर्षं पगारपत्रकं केली आहेत, त्यामुळे गप्प बसवत नाही. एकाच साइटवर, एकाच फोरमनच्या हाताखाली तीन इलेक्ट्रिशियन. फिलिपिनोला जास्त, भारतीयाला त्याहून कमी, नेपाळी आणि बांगलादेशीला आणखी कमी. हा क्रम कोणी काम तपासून लावलेला नव्हता. माणूस विमानात बसायच्या आधीच एजंटाकडे आकडा ठरलेला असायचा. "काठमांडूहून कितीत मिळतील?" हा मीटिंगमधला नेहमीचा प्रश्न, आणि विचारणारा मॅनेजर बहुतेक वेळा भारतीयच! अरब मालकाला शिव्या घालताना हे आपण सोयीस्कर विसरतो.

इंग्रजीचा मुद्दा दुकानात, हॉटेलात, रिसेप्शनवर थोडाफार खरा आहे. पण भारतीय पासपोर्टवर नोकरी करणारा इंजिनिअर कॅनडात जातो, तिथलं नागरिकत्व घेतो आणि परत आखातात येतो. डोकं तेच, अनुभवही बहुतेक तोच, तरी आता घरभाडं, मुलांची फी, वर्षाची तिकिटं सगळं पॅकेजमध्ये. अशी उदाहरणं तिकडे राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहेत. त्यात कौशल्य कुठे वाढलं? वाढली ती परत जाण्याची सोय. नोकरी गेली तर टोरोंटोत दुसरी मिळेल, हे त्यालाही माहीत असतं आणि कंपनीलाही.

याच्या उलट टोकाला व्हिसाचे पैसे कर्ज काढून भरलेला माणूस. पहिले कित्येक महिने तो सावकारासाठीच राबतो, तो पगारावर घासाघीस काय करणार? नेपाळने 2015 मध्ये 'फ्री व्हिसा, फ्री तिकीट' जाहीर केलं, म्हणजे हा खर्च मालकाने करायचा, तरी एजंट पैसे घेतच राहिले. त्यात कफील पद्धत, म्हणजे कामगाराचा व्हिसा मालकाच्या हातात. मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येत नसेल, तर शेजारची कंपनी जास्त देते हे कळूनही उपयोग शून्य. कतारने ही परवानगीची अट 2020 मध्ये काढली.

आणखी एक गोष्ट पगाराच्या आकड्यात दिसत नाही. आपल्या लोकांचं बेसिक मुद्दाम कमी ठेवतात आणि उरलेलं भत्त्यांत दाखवतात. ओव्हरटाइम आणि शेवटी मिळणारी ग्रॅच्युइटी, दोन्ही बेसिकवर. म्हणजे फरक जातानाही पुन्हा एकदा वसूल होतो.

मग फिलिपिनोला जास्त का? मोठं कारण मनिलात, म्हणजे फिलिपिन्सच्या सरकारकडे आहे. परदेशात घरकामाला जाणाऱ्या फिलिपिनो बायकांना महिना किमान 400 डॉलर मिळालेच पाहिजेत, असं त्यांच्या सरकारने 2006 मध्ये ठरवलं. 2018 मध्ये कुवेतमध्ये एका फिलिपिनो बाईचा मृतदेह फ्रीझरमध्ये सापडला, तेव्हा माणसं पाठवणं बंद केलं आणि करार झाल्यावरच पुन्हा सुरू केलं. कागदावर 400 आणि हातात कमी, हे प्रकार तिकडेही झाले. तरी बोलणी सुरू व्हायची ती 400 पासून.

आपण काय केलं? आपल्याकडेही किमान पगाराचे दर आहेत, पण ते ईसीआर पासपोर्टवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांना कामाला बाहेर जायला सरकारी परवानगी लागते त्यांच्यासाठी. पोरगा दहावी पास झाला की त्यातून बाहेर. आणि सप्टेंबर 2020 मध्ये, कोविडच्या ऐन तडाख्यात, सरकारने हे दर खाली आणले: सौदीसाठी 324 डॉलर, कुवेतसाठी 245, आखातातल्या बाकी चार देशांसाठी 200. ओरड झाली, प्रकरण कोर्टात गेलं, जुलै 2021 मध्ये आदेश मागे घेतले. नोकऱ्या टिकाव्यात, हा दर खाली आणण्यामागचा युक्तिवाद. तो अगदीच खोटा नाही, कारण आपण एकट्याने दर वाढवला तर एजंट ढाक्याला जातो. पण जगभर माणसं पाठवणाऱ्या देशाने स्वतःहून भाव पाडावा, हे मला आजही पटत नाही.

यजमान देशाला हवं असेल तर हे बदलता येतं. हाँगकाँगमध्ये परदेशी घरकामगारांचं किमान वेतन कायद्याने एकच आहे, बाई फिलिपिन्सची असो की इंडोनेशियाची. कतारनेही मार्च 2021 पासून सर्व राष्ट्रीयत्वांना 1000 रियाल किमान केलं, राहणं-जेवण कंपनीचं नसेल तर वर 800. चांगलंच झालं, पण 1000 हा आकडा इतका खाली आहे की राष्ट्रीयत्वाचा हिशेब त्याच्या वर आरामात चालू राहतो.

कोलंबो प्रोसेस नावाचा माणसं पाठवणाऱ्या आशियाई देशांचा गट 2003 पासून आहे. भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, फिलिपिन्स सगळे त्यात. या सहांनी मिळून एकच खालचा दर लावला, तर "काठमांडूहून कितीत?" या प्रश्नाला फारसा अर्थ राहणार नाही. आपल्या खासदाराला एखादा प्रश्न विचारायचाच असेल, तर हा विचारा.