फुकटच्या बंबाचा हिशोब

उन्हाळ्यात कुठे मोठी आग लागली की एक मजकूर पुन्हा फिरायला लागतो. थोडक्यात असा: "अमेरिकेत 70 टक्के फायरमन बिनपगारी आहेत. तिथल्या नगरपालिकेला आग विझवायला एक पैसा लागत नाही. बेंजामिन फ्रँकलिनच्या काळापासून लोकच आग विझवतात, सरकार मध्ये पडत नाही. आपण मात्र पगारी दलं पोसतो. गावोगाव गणेश मंडळं आहेत, पोरं आहेत. त्यांना एकेक बंब द्या, प्रश्न मिटला."

यातलं पहिलं वाक्य जवळपास खरं आहे, म्हणून बाकीची त्याच्या मागून खपून जातात. तेव्हा एकेक वाक्य घेऊ.

"70 टक्के बिनपगारी."

तिथल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या 2020 च्या मोजणीत अग्निशामक 10,41,200 होते आणि त्यात स्वयंसेवक 6,76,900, म्हणजे 65 टक्के. पण ही माणसांची मोजणी आहे, संरक्षणाची नाही. स्वयंसेवक जवळजवळ सगळे 25 हजारांच्या आतल्या वस्त्यांत आहेत. उलट पूर्ण किंवा बहुतांश पगारी दलं देशातल्या सुमारे 70 टक्के लोकसंख्येला सांभाळतात. म्हणजे 70 हा आकडा आहे खरा, पण मजकुरात तो उलटा टांगलाय. इचलकरंजी किंवा मालेगावच्या आकाराच्या शहराची तुलना पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या तीन-चार हजार वस्तीच्या बरोशी, म्हणजे छोट्या गावाशी, करून काही हाती लागत नाही.

"एक पैसा लागत नाही."

इथे खरी चूक आहे, म्हणून जरा थांबू. स्वयंसेवक फुकट देतो तो आपला वेळ. बाकी सगळं विकत आणावं लागतं. एका माणसाचा पोशाख, म्हणजे कोट, पँट, हेल्मेट, बूट, हातमोजे आणि डोक्यावरचा हूड, साधारण 3 ते 5 हजार डॉलरला पडतो आणि उत्पादनाच्या तारखेपासून 10 वर्षांनी तो बाद करायचा असतो, वापरला असो वा नसो. पाठीवरचा श्वसनसंच याहून महाग. त्याच्या कार्बन-फायबरच्या सिलिंडरचं आयुष्य 15 वर्षं आणि दर 5 वर्षांनी त्याची पाण्याच्या दाबाखाली चाचणी. नवा पंपर, म्हणजे पाण्याचा पंप असलेला बंब, आज साडेसात ते दहा लाख डॉलरच्या घरात जातो.

आणि बंब घेतला म्हणजे झालं असं नाही. पंपाची चाचणी दरवर्षी करायची असते. मिनिटाला 1,500 गॅलन, म्हणजे साधारण 5,700 लिटर, क्षमतेचा पंप धरू. तळ्यातून किंवा टाकीतून पाणी ओढायचं आणि 150 पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाबाला पूर्ण क्षमतेने 20 मिनिटं चालवायचं. मग 200 ला 70 टक्के, 10 मिनिटं. मग 250 ला 50 टक्के, 10 मिनिटं. मध्ये 165 ला पूर्ण क्षमतेने 5 मिनिटं. त्याआधी कोरडी चाचणी: 22 इंच पाऱ्याइतकी पोकळी तयार करून पंप बंद ठेवायचा आणि 5 मिनिटांत ती 10 इंचांपेक्षा जास्त उतरता कामा नये. उतरली तर कुठून तरी हवा शिरतेय. बहुतेक वेळा सक्शन होजचं वायसर कडक झालेलं असतं, नाहीतर एखादा ड्रेन व्हॉल्व्ह पूर्ण बसलेला नसतो. या आकाराच्या पंपाने 45 सेकंदांत पाणी धरायला हवं. नाही धरलं तर बंब रस्त्यावरून काढतात, आणि त्या दिवसापासून दुरुस्तीचं बिल कुणाच्या नावावर हा प्रश्न उभा राहतो.

तो पैसा येतो कुठून? पेनसिल्व्हेनियात फायर कंपनी, म्हणजे गावातलं स्वयंसेवकांचं दल, ही बहुधा ना-नफा तत्त्वावर नोंदलेली स्वतंत्र संस्था असते. बिंगो, पॅनकेक नाश्ता, लेंटमधल्या (ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळातल्या) शुक्रवारचं मासळीचं जेवण, हॉलचं भाडं, चौकात बूट पुढे धरून मागितलेली वर्गणी, हे सगळं त्यात येतं. पण त्यावर दहा लाखांचा बंब उभा राहत नाही. म्हणून बरो किंवा टाउनशिप, म्हणजे तिथलं नगर शासन, मालमत्ता करावर वेगळा फायर टॅक्स लावू शकते. हिशोब सोपा आहे: 1 मिल म्हणजे हजार डॉलर मूल्यांकनाला 1 डॉलर. घराचं मूल्यांकन 1 लाख आणि कर 1 मिल असेल तर वर्षाला 100 डॉलर. शिवाय राज्याबाहेरच्या विमा कंपन्या तिथे आगीचा विमा विकतात, त्या हप्त्यांवर 2 टक्के कर असतो. ती रक्कम राज्याकडून नगर शासनाकडे येते आणि नगर शासनाने ती 60 दिवसांत स्वयंसेवकांच्या मदतनिधी संस्थेला द्यायची असते. हा निधी फायर कंपनीचा नव्हे. तो सदस्यांच्या सुरक्षेसाठी आणि विम्यासाठी असतो, त्याचं लेखापरीक्षण राज्याचा महालेखापरीक्षक करतो आणि त्यातून बँक्वेट हॉलचं छप्पर घालता येत नाही. दोन खाती, दोन हिशोब, अनेकदा खजिनदार मात्र एकच. भांडणं आणि अफरातफर दोन्हींची सुरुवात बहुतेक तिथून होते.

न्यू जर्सीत पद्धत वेगळी. अनेक टाउनशिपमध्ये फायर डिस्ट्रिक्ट, म्हणजे फक्त अग्निशमनासाठीचा वेगळा विभाग, असतो. त्याचे पाच आयुक्त मतदार निवडतात, करही वेगळा लागतो. तिथे घर असलेल्या कित्येक मराठी माणसांना मालमत्ता कराच्या बिलावर ही ओळ दरवर्षी दिसते. तेवढं बिल जरी कुणी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं असतं तरी हा मजकूर एवढा फिरला नसता.

आणखी एक खर्च कुणाच्या लक्षात येत नाही. स्वयंसेवक आगीत भाजला, छतावरून पडला, तर त्याची नुकसानभरपाई कोण देणार? पेनसिल्व्हेनियात कामगार भरपाई कायद्याच्या दृष्टीने तो नगर शासनाचा कर्मचारीच धरला जातो आणि विम्याचा हप्ता नगर शासन भरतं. 2011 मध्ये राज्याने अग्निशामकांच्या काही कर्करोगांना कामाशी निगडित मानायचं ठरवलं, तेव्हा खासगी विमा कंपन्या मागे सरल्या आणि अनेक गावांना राज्याच्या विमा निधीकडे वळावं लागलं. पगार शून्य, पण दायित्व पूर्ण.

"सरकार मध्ये पडत नाही."

पडतं, आणि पडावंच लागतं. 2008 मध्ये पेनसिल्व्हेनियाने बरो आणि टाउनशिपच्या कायद्यांत स्पष्टच लिहिलं की आग आणि आपत्कालीन वैद्यकीय सेवा गावाला मिळेल हे पाहणं नगर शासनाचं काम आहे, आर्थिक आणि प्रशासकीय मदतीसह. सेवा कशी द्यायची ते त्यांनी ठरवावं. न्यूयॉर्कमध्ये टाउन जेव्हा फायर कंपनीशी करार करतं तेव्हा जाहीर सुनावणी घ्यावी लागते आणि तो करार जास्तीत जास्त 5 वर्षांचा असतो.

तरीही असंख्य गावांत शंभर वर्षं हातमिळवणीवरच कारभार चालला. सगळं सुरळीत असतं तोवर कागद कुणाला आठवत नाही. आठवतो तेव्हा प्रश्न साधारण हेच असतात. बंबाचं नोंदणीपत्र कुणाच्या नावावर आहे? स्टेशनची जमीन गावाची, इमारत कंपनीची, असं असेल तर बॉयलर कुणी बदलायचा? वार्षिक अनुदान एकरकमी की तिमाही, आणि त्याबदल्यात कंपनीने हिशोब कधी दाखवायचा? प्रमुख, म्हणजे चीफ, सदस्यांच्या मतांवर निवडला जातो. मग तो लोकप्रिय आहे पण प्रशिक्षित नाही, असं झालं तर? चांगल्या करारात पात्रता लिहिलेली असते: किती वर्षं सक्रिय, कोणते अभ्यासक्रम पूर्ण, घटनास्थळाचं नेतृत्व शिकलेला की नाही. या अटीत बसणाऱ्यांमधून कुणाला निवडायचं ते सदस्यांनी ठरवावं. याच्या पुढे जाऊन नगरसेवकांनी आगीच्या ठिकाणी हुकूम सोडायचे नसतात. तिथे चीफचंच चालतं.

नगर शासनाच्या हातात एक पत्ता मात्र जबरदस्त आहे. कुठल्या रस्त्यावर आधी कुणाला पाठवायचं, हे काउंटीचं (तिथल्या जिल्ह्याचं) 911 हे आपत्कालीन कॉल केंद्र नगर शासनाने दिलेल्या नेमणुकीवरून ठरवतं. वाद विकोपाला गेला की गावाची परिषद ठराव करून शेजारच्या कंपनीला नेमते आणि जुन्या कंपनीचे पेजर वाजायचे थांबतात. पण कंपनीने स्वतःच्या पैशातून घेतलेला बंब परिषदेला उचलून नेता येत नाही. त्यामुळे एका बाजूला कॉल नसलेला बंब आणि दुसऱ्या बाजूला बंब नसलेले कॉल, अशी अवस्था होते. कंपनी बरखास्त झाली तर मालमत्ता सदस्यांत वाटता येत नाही. ती तशाच धर्मादाय कामाला लावावी लागते आणि पेनसिल्व्हेनियात त्यासाठी न्यायालयात जावं लागतं. गावाने दिलेल्या पैशातून घेतलेली वस्तू गावाकडे परत येईल, एवढं एक कलम करारात असलं तर हे महिनोन्‌महिन्यांचं हेलपाटणं वाचतं.

"फ्रँकलिनपासून लोकच आग विझवतात."

फिलाडेल्फियात फ्रँकलिनच्या पुढाकाराने युनियन फायर कंपनी 1736 मध्ये निघाली, हे बरोबर. चामड्याच्या बादल्या आणि सामान वाचवायला पिशव्या सदस्यांनी स्वतःच आणायच्या होत्या. पण पुढचं कुणी सांगत नाही. सिनसिनाटीने 1853 मध्ये पगारी दल उभं केलं, न्यूयॉर्कने 1865 मध्ये आणि खुद्द फिलाडेल्फियाने 1871 मध्ये. एकाच हायड्रंटवरून (रस्त्यावरच्या पाण्याच्या नळावरून) दोन कंपन्यांच्या हाणामाऱ्या आणि वाफेच्या पंपासाठी कायम तयार लागणारी माणसं आणि घोडे, ही त्यामागची मोठी कारणं.

"पोरं आहेत."

तिथेही होती. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने नेमलेल्या आयोगाच्या 2018 च्या अहवालानुसार 1970 च्या दशकात राज्यात सुमारे 3 लाख स्वयंसेवक होते, ते 38 हजारांच्या आसपास आले. लोक आळशी झाले असा निष्कर्ष काढणं सोपं आहे. पण मंगळवारी दुपारी दोन वाजता पेजर वाजतो तेव्हा सदस्य 40 किलोमीटरवरच्या गोदामात किंवा ऑफिसात असतो. सुरुवातीचं प्रशिक्षणच दीडशे तासांच्या वर जातं. उरलेल्या संध्याकाळी बिंगोची टेबलं मांडण्यात जातात. शिवाय आग हा कॉलचा छोटा भाग: 2020 मध्ये देशभरातल्या एकूण कॉलपैकी आगीचे सुमारे 4 टक्के होते, बहुसंख्य वैद्यकीय.

स्वयंसेवी दलांसाठीचं मानक माणसं आणि मिनिटं दोन्ही मोजतं. चौरस मैलाला हजारापेक्षा जास्त वस्ती असेल तर 9 मिनिटांत 15 जण, उपनगरी वस्तीत 10 मिनिटांत 10, ग्रामीण भागात 14 मिनिटांत 6. घरातून स्टेशन, कपडे चढवणं, चालकाची वाट पाहणं, हे सगळं त्या 9 मिनिटांतच. पगारी दल स्टेशनातच बसलेलं असतं, फरक एवढाच आणि एवढा मोठा. विमा क्षेत्र गावाची अग्निसुरक्षा 1 ते 10 अशा श्रेणीत मोजतं, तेव्हा बोलावल्यावर येणारे तीन स्वयंसेवक मिळून ड्युटीवरच्या एका माणसाइतके धरले जातात. आणि ती श्रेणी बिघडली की घराच्या विम्याचा हप्ता वाढू शकतो. न भरलेला कर असा दुसऱ्या खिशातून निघतो.

म्हणूनच तिथल्या सरकारांनी स्वयंसेवकाला काहीतरी द्यायला सुरुवात केली. पेनसिल्व्हेनियाच्या 2016 च्या कायद्याने नगर शासन सक्रिय सदस्याला उत्पन्न किंवा मालमत्ता करात सवलत देऊ शकतं. न्यू जर्सीत सेवेच्या वर्षांनुसार मतदारांच्या मंजुरीने निवृत्तीची रक्कम जमा होते. यालाही मर्यादा आहे: केंद्रीय कामगार नियमांत मानधन नाममात्रच असावं लागतं, आणि पगारी माणसाच्या मोबदल्याच्या 20 टक्क्यांपुढे गेलं की स्वयंसेवक कर्मचारी ठरू शकतो.

"मंडळांना बंब द्या."

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा नगरपालिकांच्या कामांच्या यादीतला 7 वा विषय आहे. मंडळाला बंब देऊन ती जबाबदारी मंडळाकडे जात नाही. बंबाला जायला रस्ता मोकळा करणं, गर्दी मागे हटवणं, होज अंथरायला हात देणं, कुठल्या चाळीत किती म्हातारी माणसं आहेत हे सांगणं, यात मंडळाच्या कार्यकर्त्याचा हात कुणी धरू शकणार नाही. त्यासाठी 1968 च्या नागरी संरक्षण कायद्याखाली प्रशिक्षण आणि ओळखपत्र मिळण्याची वाटही आहे. धुराने भरलेल्या खोलीत शिरणं हे वेगळं काम. तिथे दोघं आत गेले तर दोघं पूर्ण तयारीत बाहेर उभे लागतात, आणि 30 मिनिटांचं म्हणून मिळणारं सिलिंडर धावपळीत 15 ते 20 मिनिटांतच संपतं.

आणि बंब मंडपाशेजारी नुसता उभा राहिला तर? दोन-तीन आठवड्यांत बॅटऱ्या उतरतात. टाकीत पाणी राहिलं तर गंज धरतो, काढून ठेवलं तर आगीला रिकामा जातो. व्हॉल्व्ह न फिरवल्याने आवळतात, पंपाची पॅकिंग सुकून गळायला लागते. आठवड्यातून एकदा इंजिन चालू करून पंप त्याला जोडून फिरवायचा, प्रत्येक व्हॉल्व्ह उघडून बंद करायचा, टाकीची पातळी बघून वहीत तारीख टाकायची. अर्धा-पाऊण तासाचं काम आहे, वर्षात 52 वेळा. गणपती त्यातले दोन आठवडे.