"अंडरआर्म आहे, त्याने कुठे हात दुखतो?"

सॉफ्टबॉलच्या मैदानावर हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकत आलेय. "बेसबॉलचा हात वरून येतो, म्हणून खांदा जातो. आपलं अंडरआर्म. नैसर्गिक हालचाल. कितीही टाका." सर लोक हे इतक्या ठामपणे सांगतात की पालकही मान डोलावतात. मी शाळा-कॉलेजात कॅचर होते, पिचरने (बॉल टाकणारीने) टाकलेला बॉल समोर बसून झेलणारी. म्हणजे पिचरचा हात समोरून जेवढा मी बघितलाय तेवढा तिच्या आईनेही बघितला नसेल. आता भाची पिचिंग करते, म्हणून पुन्हा कट्ट्यावर बसायला लागलेय. जे दिसतंय ते बघून डोकं फिरतं, म्हणून लिहितेय. पोस्ट लांब आहे.

आधी ज्यांनी हा खेळ बघितला नाही त्यांच्यासाठी. बॅटिंग करणारी जिथे उभी असते त्या प्लेटपासून पिचर 43 फुटांवर उभी असते (बायकांच्या खेळात). बॉल 12 इंच परिघाचा, पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅमच्या मधला, म्हणजे क्रिकेटच्या बॉलपेक्षा मोठाही आणि जडही. हात समोरून वर जातो, डोक्यावरून मागे जातो, पूर्ण चक्कर मारून मांडीजवळ येतो आणि तिथे बॉल सुटतो. हे विंडमिल. पाण्याने भरलेली बादली जोरात गोल फिरवा, पाणी सांडत नाही पण खांदा कसा ओढला जातो ते कळेल. पिचरच्या खांद्याला प्रत्येक पिचला, म्हणजे प्रत्येक बॉल टाकताना, तसाच हिसका बसतो.

हा हिसका किती असतो हे मोजलेलं आहे. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल पहिल्यांदा आला, तेव्हाच्या पिचरच्या चित्रणावरून संशोधकांनी हिशोब केला: हात खांद्यातून बाहेर खेचणारा जोर शरीराच्या वजनाच्या साधारण 80 टक्के. नंतर शाळकरी वयाच्या मुलींवरही मापन झालं, तिथेही वजनाच्या मानाने जोर कमी भरला नाही. आणि तो आवरायचं काम कोण करतं? दंडाचा पुढचा स्नायू, बायसेप्स. हात मागे आडवा असतो त्या जागेवरून (घड्याळातले नऊ समजा) खाली येतो तेव्हापासून बॉल सुटेपर्यंत हा स्नायू ब्रेक मारत असतो. साध्या वरून फेकलेल्या थ्रोपेक्षा विंडमिलमध्ये त्याला जास्त काम पडतं, हेही मोजून झालंय. म्हणून पिचर मुली खांद्याच्या पुढच्या बाजूला बोट ठेवून "इथे दुखतंय" म्हणतात. दहापैकी दहा वेळा सर म्हणतात, "थोडं भरून आलंय, स्प्रे मार."

1989 मध्ये अमेरिकेतल्या अव्वल कॉलेज संघांच्या 24 पिचरची माहिती डॉक्टरांनी गोळा केली होती. त्यातल्या 20 जणींना त्या हंगामात काही ना काही दुखापत झाली होती. म्हणजे "अंडरआर्मने काही होत नाही" हे तीस वर्षांपूर्वीच खोटं ठरलंय. आपल्या मैदानांवर ती बातमी अजून पोचायची आहे.

आता शिकवण्याकडे येते. माझा खरा राग तिथे आहे.

मागच्या सीझनला एका सराव शिबिरात एक मुलगी बघितली. वय असेल तेरा. उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खाली, हिरवट-निळा डाग. एक जुना, त्याच्यावर एक नवा. तिच्या ट्रॅकपँटच्या उजव्या कमरेपाशी कापड घासून चकचकीत झालेलं. मी विचारलं तर हसून म्हणाली, "मावशी, पिचरच्या हाताला असतंच असं." सरांनी तसंच सांगितलं होतं. थोडा वेळ बाजूला उभी राहिले तर कारण दिसलं. सर प्रत्येक पिचला ओरडत होते, "कंबर बंद कर! दार लाव!" म्हणजे बॉल सुटायच्या आधीच कंबर पूर्ण फिरवून प्लेटकडे तोंड करायचं. कंबर आधी आली की ती हाताच्या वाटेत येते. मग हात जाऊन हाडावर आपटतो. चांगल्या पिचरचा हात बॉल सोडताना अंगाला हलका घासून जातो, ते बरोबर आहे, त्याने उलट नेम राहतो. आपटणं वेगळं. एका सरावात दीडशे वेळा आपटणं तर फारच वेगळं. कोपरापासून मनगटापर्यंतचं करंगळीकडचं जे हाड आहे, त्याला फास्टपिच पिचरमध्ये ताणाने बारीक तडे गेल्याच्या नोंदी जपानी डॉक्टरांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच केल्या आहेत. त्या मुलीच्या हाडाला काही झालं होतं असं मी म्हणत नाही. तिला कोणी डॉक्टरकडे नेलंच नव्हतं, तर कळणार कुठून?

दुसरं लाडकं प्रकरण म्हणजे मनगट. गुडघ्यावर बसवून नुसतं मनगट झटकत बॉल टाकायला लावायचा, पन्नास-पन्नास वेळा, आणि शेवटी कोपर नाकासमोर वर उचलायचं. हे दिसायला छान दिसतं. पण मोठ्या पिचरचं संथ चित्रण बघा, आता फोनवर फुकट बघायला मिळतं. बॉल सुटताना कोपर किंचित वाकलेलं असतं, हात खांद्यातून आणि कोपराखालून आत वळतो, मनगट त्याच्या मागोमाग येतं, आणि नंतर हात सैल सुटतो. जबरदस्तीने वर उचललेलं कोपर तिथे कुठेच नाही. पण सरांना त्यांच्या सरांनी तसं शिकवलं. त्यांच्या सरांना तीन दिवसांच्या शिबिरात कोणीतरी दाखवलं होतं. चुकीची गोष्ट अशी पिढीजात चालते आपल्याकडे.

आणि पायांबद्दल तर कोणी बोलतच नाही. वेग येतो जमिनीतून. पाय जमीन ढकलतात, पुढचा पाय रोवला जातो, नितंब आणि पोटाचे स्नायू तो जोर धरून वर पाठवतात, हात सगळ्यात शेवटी येतो. हे स्नायू कच्चे असले की सगळा भार खांद्यावर येतो. वेग कमी दिसला की आपले सर काय म्हणतात? "हातात ताकद नाही." मग जड बॉल. मग डंबेल. त्या पोरीला एका पायावर नीट उभं राहून बसक मारता येत नाही, गुडघा आत पडतो, ते कोणी बघितलेलं नसतं.

पण शिकवणं अगदी नीट असलं तरी मोजणं नसेल तर मुलगी वाचत नाही. शालेय स्पर्धा कशा होतात तुम्हाला माहीत आहे. बाद पद्धत, सकाळी एक मॅच, दुपारी एक, दुसऱ्या दिवशी सेमी आणि फायनल. सात इनिंगची, म्हणजे बॅटिंगच्या सात फेऱ्यांची, मॅच रंगली की शंभराच्या आसपास पिच सहज होतात. संघात पिचर एकच. शिवाय मॅचआधी वॉर्मअपच्या नावाखाली सर तिच्याकडून अजून अर्धा तास टाकून घेतात, ते कोणाच्याच हिशोबात नसतं. अमेरिकेत लहान मुलांच्या स्पर्धा घेणाऱ्या लिटल लीग या संस्थेने 2007 पासून मुलांच्या बेसबॉलला पिच मोजायचा नियम लावला: 11-12 वर्षांच्या मुलाने दिवसाला 85 च्या वर टाकायचे नाहीत, आताच्या नियमाने 66 किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. तिथेही मुलींच्या सॉफ्टबॉलला पिच मोजले नाहीत, इनिंग मोजल्या. कारण तेच, अंडरआर्म! मग क्रीडा-वैद्यकाच्या डॉक्टरांनी मुलींसाठी वेगळी शिफारस काढली. 13-14 वर्षांच्या मुलीने एका मॅचमध्ये 80 आणि दिवसात 115 च्या पुढे जाऊ नये, आणि सलग तिसरा दिवस असेल तर त्याहून कमी. आपल्याकडच्या शालेय स्पर्धेतला रविवार आठवा.

इथे कोणीतरी हमखास उएनोचं नाव काढतं. काढायलाच हवं, मीही तिची भक्त आहे. 2008 च्या बीजिंगमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत तीन मॅचमध्ये 413 पिच टाकले आणि अमेरिकेला हरवून सुवर्ण आणलं. पण ती तेव्हा 26 वर्षांची होती, जपानच्या कंपनी लीगमध्ये रोज हेच काम करणारी. हाडं वाढायची थांबलेली. तेरा वर्षांच्या मुलीच्या खांद्यात वाढीची जागा अजून मऊ असते, तिथे ताण पडला तर ते निव्वळ स्नायूदुखीवर भागत नाही. आणि उएनोची पुढची गोष्ट कोणी सांगत नाही. 2021 मध्ये टोकियोच्या फायनलला ती 39 वर्षांची होती. सहाव्या इनिंगला तिला काढून 20 वर्षांच्या मिउ गोतोला आणलं, आणि शेवटच्या इनिंगला उएनो ताजा हात घेऊन परत आली. जपान 2-0 ने जिंकलं. ज्या देशाने 413 बघितले, त्याच देशाने दुसरी पिचर तयार केली.

सरांची बाजू मला कळते. बहुतेक सर सकाळी सहाला स्वतःच्या गाडीत पेट्रोल घालून येतात. एकच सर कबड्डी, खो-खो, सॉफ्टबॉल आणि शाळेची परेड सगळं बघतात. राज्य किंवा राष्ट्रीय खेळली की मुलीला दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण आहे. तेव्हा सेमीच्या आधी खांदा दुखतोय म्हणून बसवायचं तर आई-वडीलच आधी चिडतात. मुलगी बोलत नाही, कारण बोलली तर जागा जाते. माझ्या भाचीच्या संघातली एक पोरगी स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी डाव्या हाताने वेणी घालत होती, एका हाताने, दातात रबर धरून. उजवा हात डोक्यापर्यंत जात नव्हता. अकरा वाजता तिने फायनलचा पहिला पिच टाकला.

तरीही दोष सरांचाच, असं माझं स्पष्ट मत आहे. हेतू चांगला होता म्हणून खांदा परत येत नाही. पालकाला कळत नाही, मुलीला कळत नाही. कळायचं काम त्या मैदानावर एकाच माणसाचं आहे.

मी हे एका सरांना बोलले तर ते म्हणाले, "मॅडम, दुसरी पिचर आणू कुठून?" तिसऱ्या बेसवर फिल्डिंगला उभी आहे ना, सर. जिचा थ्रो सरळ येतो, जी घाबरत नाही, तिला जूनपासून आठवड्यातून तीन दिवस शिकवा. आधी प्लेटजवळून, जवळच्या अंतरावरून, मग मागे. डिसेंबरमध्ये ती तुम्हाला दोन इनिंग काढून देईल. कमकुवत संघाविरुद्ध तर पूर्ण मॅच. पहिल्या पिचरचे वाचलेले साठ-सत्तर पिच फायनलला वेगात दिसतील. म्हणजे जिंकायचं असलं तरी हेच फायद्याचं आहे.

मोजायला काही लागत नाही. बाहेर बसलेल्या राखीव मुलीच्या हातात वही द्या, पाच-पाचच्या रेघा ओढायला सांगा, वॉर्मअपसकट. ज्या पालकांच्या मुली 14 किंवा 17 वर्षांखालच्या संघात पिचिंग करतात त्यांनी सरांना नीट, गोड बोलून एवढंच विचारा: "सर, काल हिने किती टाकले?" आकडा आला नाही तर पुढच्या मॅचला वही घेऊन स्वतः कट्ट्यावर बसा. खांद्याच्या पुढच्या बाजूला सकाळी उठल्यावरही दुखत असेल, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील, किंवा कोपराखालचं हाड दाबल्यावर एका ठिकाणी कळ येत असेल, तर बाम-स्प्रे बंद, हाड बसवणाऱ्याकडे अजिबात नाही, सरळ हाडाच्या डॉक्टरकडे. आणि त्या आठवड्यात मॅच असली तरी ती बाहेर बसणार, हे सरांना तुम्हीच सांगायचं. मुलीला सांगायला लावू नका.