चादर उघडते, टॉवेल उघडेना

मामांचं चादर-टॉवेलचं दुकान सोलापुरात, मधल्या मारुतीपासून चार पावलांवर. भाचा कॉम्प्युटर शिकलेला असताना बिलाचा प्रोग्राम बाहेरून करून घेणं त्यांना घराण्याचा अपमान वाटला. "दोन दिवसांचं काम आहे बे," असं परस्पर ठरवूनही टाकलं. दिवाळीत सुरू केलेलं ते काम जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उतरले तरी चालूच होतं.

पहिला घोळ इंचाचा. टॉवेल इंचात मोजतात, ३०" बाय ६०". इंचाची खूण म्हणजे आकड्याच्या डोक्यावर दोन काड्या. आणि मजकूर कुठून कुठवर आहे हे मशीनला सांगायचं, तरी त्याच दोन काड्या. त्यामुळे मशीननं 'टॉवेल ३०' इथवर वाचलं, काड्या दिसताच 'झालं वाटतं' म्हणून मजकूर मिटला आणि पुढचा 'बाय' हा कोण उपटसुंभ म्हणून माझ्याशीच भांडायला उठलं. यावर इलाज म्हणजे काड्यांच्या आधी बॅकस्लॅश, म्हणजे ही \ उलटी तिरकी रेघ. तिचा अर्थ, 'पुढची खूण नुसती खूण समज, हुकूम समजू नको.'

हे सगळं मी मामांना रंगवून सांगितलं. ते म्हणाले, "मग 'इंच' असं अक्षरात लिही की."

तीन तासांत मला हे सुचलं नव्हतं. "बघतो," म्हणालो आणि रात्री गुपचूप सगळीकडं 'इंच' लिहून टाकलं.

दुसरा घोळ मात्र भुताटकीचा. चादरीच्या दराची फाइल निमूट उघडायची, टॉवेलची काही केल्या उघडेना. फाइल समोर दिसतेय, नाव बरोबर, स्पेलिंग बरोबर. पत्ता असा: डी ड्राइव्ह, त्यात टॉवेल, त्यात नॅपकिन, त्यात रेट, आणि प्रत्येक नावाच्या आधी बॅकस्लॅश. शेवटी वैतागून तो पत्ताच स्क्रीनवर छापून बघितला. वरच्या ओळीत 'डी', मग भलीमोठी मोकळी जागा, मग 'ओवेल'. खालच्या ओळीत फक्त 'एटइन'. नॅपकिन गायब.

कारण तीच तिरकी रेघ. काडीसमोर उभी राहिली की ती हुकूम मोडते, साध्या अक्षरासमोर उभी राहिली की हुकूम सोडते. बॅकस्लॅश आणि टी मिळून होतो टॅब, म्हणजे मोकळी जागा, त्यात टॉवेलचा टी गेला. एन म्हणजे नवी ओळ, त्यात नॅपकिनचा एन गेला. आर म्हणजे ओळीच्या सुरुवातीला परत जा. मशीन इमानदारीत परत गेलं आणि उरलेल्या नॅपकिनवरच 'एट' लिहून मोकळं झालं, शेपटीचं 'इन' तेवढं उरलं. चादर वाचली कारण बॅकस्लॅश-सी असा हुकूमच पायथनला, म्हणजे मी प्रोग्राम लिहिला त्या भाषेला, माहीत नाही. आणि बेडशीट? बॅकस्लॅश-बी म्हणजे एक घर मागे. पत्त्यातला कोलन खाऊन स्क्रीनवर आलं 'डेडशीट'.

"काय करूलालास बे एवढा वेळ?" मामा डोकावले. मी म्हटलं, लिहिलेलं अक्षर दिसतच नाही, त्याचा हुकूम होतो, हे डोक्यात शिरत नाही. मामांचं अर्धं आयुष्य मागावर गेलेलं. ते म्हणाले, "जेकार्डच्या पुठ्ठ्याला भोक पाडतो, म्हणून चादरीला भोक पडतं का? मोर उमटतो."

मी गप्प. जेकार्डचा माग, म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डांवरची भोकं बघून नक्षी विणणारा, फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमाराचा. भोकं पाडलेल्या कार्डांवर कॉम्प्युटर चालायला लागले ते कितीतरी नंतर. म्हणजे या विषयात मामा मला सीनियरच.

मग आला टॅब. नग, दर, रक्कम असे रकाने मी टॅबनं पाडले होते, मालाची नावं इंग्रजीत. टॅब म्हणजे ठरावीक जागा सोडणं, अशी माझी समजूत. तसं नसतं. तो पुढच्या थांब्यावर जाऊन उभा राहतो, आणि थांबे दर आठ अक्षरांवर. (आईनं टायपिंगची चाळीसची परीक्षा दिलेली. ती म्हणाली, "आम्ही थांबे आपल्या हातानं लावायचो.") टॉवेलची इंग्रजी अक्षरं पाच, नॅपकिनची सहा, चादरीची सात, सगळे पहिल्या थांब्यावर शिस्तीत उतरले. बेडशीटची नेमकी आठ. तिचा पहिला थांबा बोलता बोलता मागं पडला आणि ती थेट दुसऱ्यावर उतरली. तिचे १२ नग जाऊन बसले दराच्या रकान्यात. लातूरचं गिऱ्हाईक बिल हातात धरून १२ रुपयांनी बेडशीट मागायला लागलं. छापलेलं आहे म्हणाला. होतंच.

टॅब काढून रकाने मोजून आखले. त्या रागातच पूर्ण प्रोग्रामात जिथं जिथं एक बॅकस्लॅश होता तिथं दोन केले. दोन लिहिले की एक नुसता बॅकस्लॅश मिळतो, हुकूम नाही. टॉवेल उघडला, नॅपकिन परत आला, डेडशीटची बेडशीट झाली. मी दुकानाच्या खर्चानं चहा सांगितला.

फक्त बिलाच्या तळाला 'धन्यवाद' आणि 'पुन्हा या' यांच्यामध्ये एक हुकुमाचा बॅकस्लॅश-एन होता, तोही या दंगलीत दुणावला. आता तिथं ओळ तुटत नव्हती, तिरकी रेघ आणि इंग्रजी एन जसेच्या तसे छापले जात होते. माझं लक्ष गेलं तेव्हा एक गिऱ्हाईक त्यावरच बोट ठेवून विचारत होतं, "हे काय आहे हो?"

मामांनी चष्मा वर केला, बिल नीट बघितलं.

"जीएसटीचं आहे ते."

गिऱ्हाइकानं मान डोलावली आणि पैसे मोजले.